बॅटरी नीट धर

लहानपणी घरात माझ्याकडे एकच पद होतं: बॅटरी धरणारा.

पप्पा काहीतरी दुरुस्त करत बसायचे आणि मी शेजारी उकिडवा बसून बॅटरी धरायचो. मोरीतला नळ, मिक्सर, शेजारच्यांची सायकल, गल्लीतल्या गणपतीच्या लायटिंगच्या माळा, काहीही. पाच मिनिटं झाली की माझं लक्ष उडायचं. झोत हळूहळू सरकत भिंतीवरच्या पालीवर जायचा आणि मग ते वाक्य यायचं. “बॅटरी नीट धर की रं. कुठं बघालायस?”

हे वाचणाऱ्या निम्म्या लोकांनी तरी हे वाक्य ऐकलेलं असणार. गाव बदलतं, बोली बदलते, झोत मात्र सगळ्यांचाच पालीवर जातो.

बॅटरीसोबत जोडून आलेलं दुसरं काम म्हणजे मागितलेली वस्तू पेटीतून काढून देणं. पत्र्याची हिरवी पेटी होती. “बारा-तेराचा पाना.” “पकड.” “कानस, बारीक दाताची.” “छन्नी न्हवं, पटाशी.” चुकीची वस्तू दिली की पप्पा न बघताच परत करायचे, हातात आल्यावर वजनावरून कळायचं त्यांना. बारा-पंधरा वर्षांच्या या नोकरीत मला पेटीतल्या प्रत्येक वस्तूचं नाव पाठ झालं. कुठली वस्तू काय करते, हे मात्र एकदाही नीट बघितलं नाही. मी पालीकडे बघत होतो.

पप्पा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात फिटर होते. ज्यांनी उद्यमनगर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: फाउंड्र्या, लेथ, मशिन शॉप, भाग जोडणारे, भाग घासणारे, भाग विकणारे, सगळं एकमेकांना चिकटून. तिथल्या हवेला ऑइलचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास असतो. पप्पांच्या शर्टाला तोच वास असायचा. मला तो आवडायचा, पण शाळेत कुणाला सांगितला नाही.

मी कधी पाना हातात घेतला की ते काढून घ्यायचे. “ठेव. तू अभ्यास कर. हे माझं काम हाय.”

म्हणून मी अभ्यास केला आणि इंजिनिअर झालो. कॉम्प्युटरचा. पहिल्या वर्षी सगळ्यांनाच ‘वर्कशॉप प्रॅक्टिस’ नावाचा विषय असतो. त्यात लोखंडाचे दोन तुकडे कानशीने घासून एकमेकांत अचूक बसवायचे असतात. मी तीन आठवडे घासत होतो. माझ्या दोन तुकड्यांच्या फटीतून पेन्सिल आरपार जायची. शेवटी तो जॉब दप्तरात घालून मी घरी नेला. पप्पांनी एकदा उजेडात धरून बघितलं, काही बोलले नाहीत, जेवणाआधी बसले आणि जेवण वाढेपर्यंत उठले. मला पंचवीसपैकी तेवीस मिळाले. दोन मार्क कशाचे गेले, हे त्यांनी दोनदा विचारलं.

२०१९मध्ये मी पुण्याला आलो, हिंजवडीत नोकरी. २०२२मध्ये चिंचवडला एका जुन्या बिल्डिंगमध्ये रीसेलचा फ्लॅट घेतला, वीस वर्षांच्या हप्त्यांवर. घरात काही बिघडलं की मी ॲप उघडायचो. पंख्याचा आवाज: ॲप. फ्लश भरत नाही: ॲप. एकदा तर बाथरूमच्या दाराची कडी लावायला माणूस बोलावला होता. चार स्क्रू. त्याने ते ज्या वेगाने लावले, त्या वेगाने मी पेमेंटही करू शकलो नाही.

२०२३च्या नोव्हेंबरमध्ये पप्पांना स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली. चालणं हळूहळू परत आलं, काठी घेऊन. उजवा हात आला, पण पकड आली नाही. आणि शब्द गेले. सगळे नाही. समजतं सगळं, पण बोलायला जावं तर नेमका हवा तो शब्द सापडत नाही. डॉक्टरांनी त्याला ॲफेझिया म्हणतात असं सांगितलं. ‘चमचा’ म्हणायचं असतं आणि ते “ते... ते... हे” म्हणत राहतात, कपाळावर आठ्या घालून, पेटीत हात घालून चाचपडल्यासारखे. जानेवारीत मी दोघांनाही पुण्याला घेऊन आलो. सोबत आईचे डबे, औषधांची पिशवी आणि ती हिरवी पेटी. पेटी कशाला, असं मी आईला विचारलं. ती म्हणाली, “त्यांनी गाडीत आधी तीच ठेवाय लावली.”

*

माझ्या किचनमधला नळ टपकायचा. मला त्याची सवय झाली होती. पप्पांना झाली नाही. पहिल्याच रात्री ते काठी टेकत उठले आणि नळापाशी जाऊन उभे राहिले. सकाळी बघतो तर अजून तिथेच, खुर्ची ओढून बसलेले. मी म्हटलं, “माणूस बोलावतो.” त्यांनी मान हलवली. नाही. मग डाव्या हाताने माझ्याकडे बोट केलं.

आता परिस्थिती बघा. शिकवणाऱ्याला काम येतं, पण हात चालत नाही आणि शब्द सापडत नाहीत. शिकणाऱ्याला सगळे शब्द येतात आणि काम काडीचं येत नाही.

“ते... ते... आट्याचं,” पप्पा म्हणाले.

“पाना?”

मान हलली. हो.

“दहा-अकरा? बारा-तेरा? चौदा-पंधरा?”

चौदा-पंधराला बोट वर झालं. बसला नाही. सोळा-सतरा बसला. त्यांना माझ्यापेक्षा जास्त राग आला, स्वतःचा.

असे आम्ही शिकलो. मी पेटीतली नावं एकेक करून म्हणायचो, ते हो-नाही करायचे. नावं माझ्याकडे होती, काम त्यांच्याकडे. दोघांचा मिळून एक प्लंबर होत होता, तोही जरा कच्चा.

नळाच्या आत काय असतं ते सांगतो, कारण अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत मला माहीत नव्हतं. जुन्या पद्धतीच्या नळात एक स्पिंडल असतो आणि त्याच्या टोकाला रबराचं छोटं वायसर. नळ बंद करतो म्हणजे आपण ते वायसर पाण्याच्या भोकावर दाबतो. वर्षानुवर्षं दाबून त्याला खड्डा पडतो आणि पाणी वाट काढतं. मग आपण नळ अजून जोरात पिळतो, वायसर अजून झिजतं. उपाय: सिंकखालचा कॉक बंद करायचा, मूठ काढायची, नट सैल करायचा, स्पिंडल बाहेर, वायसर बदला, उलट क्रमाने परत. वायसर पाच-दहा रुपयांना मिळतं.

मी मूठ काढायला घेतली तेव्हा पप्पा सिंककडे बोट करून “आधी... आधी...” म्हणत होते. मला कळेना. सिंक स्वच्छ आहे की! मग मुठीचा इवलासा स्क्रू माझ्या हातातून सुटला, सिंकमध्ये दोन उड्या मारल्या आणि भोकातून गेला. पप्पांनी डोळे मिटले. आधी भोकावर फडकं टाकायचं असतं.

नळ नीट झाल्या दिवशी मी चांगला अर्धा तास त्याच्यासमोर उभा होतो. मी लिहिलेला कोड लाखभर लोकांच्या फोनमध्ये चालतो. त्यातल्या कशानेही असं वाटलेलं नाही. टपकत होतं, आता टपकत नाही. याला कुठली मीटिंग नाही, कुठला रिव्ह्यू नाही.

त्यानंतर मी चढलो. टेफ्लॉन टेप उलट्या दिशेने गुंडाळून नवा नळ पिळला आणि टेप बाहेर आली. ती आटे घट्ट होतात त्याच दिशेने गुंडाळायची असते. पंख्याचा कपॅसिटर बदलला, गरगर फिरायला लागला. मग हॉलमधलं स्विचबोर्ड घेतलं. वरच्या पॅनेलवर जुन्या मालकाने ‘हॉल’ लिहिलेला एमसीबी खाली केला, बोर्ड उघडलं आणि वायरीला हात लावला.

तो झटका दंडापर्यंत गेला. ‘हॉल’ लिहिलेला एमसीबी किचनचा होता. मी मागे फेकला गेलो तो पप्पांच्या खुर्चीवरच. पप्पा त्या दिवशी जे ओरडले त्यात एकही शब्द नव्हता. नुसता आवाज. त्यांनी डावा हात भिंतीवर दोन-तीनदा आपटला. आई किचनमधून धावत आली आणि कुणाला धरावं हेच तिला कळेना.

आता नियम आहे. लेबलवर विश्वास नाही. आधी टेस्टर चालू असलेल्या सॉकेटमध्ये घालून टेस्टर स्वतः जिवंत आहे का बघायचं, मग कामाच्या जागी लावायचा. घरात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी नव्हता, तो परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेतला. शरीरातून करंट जमिनीत जायला लागला तर सेकंदाच्या अंशात तो सप्लाय तोडतो. साधा एमसीबी हे करत नाही, तो वायरी जळू नयेत म्हणून असतो, माणसं जळू नयेत म्हणून नाही. आणि गॅस व मेन लाइन यांना मी हात लावत नाही. स्वतः करून बघण्याची हौस जिथे चुकीची किंमत दुसऱ्या कुणाला मोजावी लागेल तिथे संपली पाहिजे.

*

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. त्यांच्या बाथरूमच्या छतातून पाणी टपकत होतं. छताला पोपडे, पांढरा खार, आणि मधोमध एक थेंब, तयारीत.

मी सवयीने ॲपवरून माणूस बोलावला. तो आला, आमचं बाथरूम बघितलं, खाली जाऊन छत बघितलं. एकूण चार मिनिटं. म्हणाला, सगळं तोडावं लागेल. फरशी, खालचा भराव, पाइप, नवीन वॉटरप्रूफिंग. ८० हजार, वर टाइल्स तुमच्या.

पप्पा दारात काठी टेकून उभे होते. तो गेल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “थांब.”

हा एक शब्द त्यांना कधीच शोधावा लागत नाही.

मी रात्री यूट्यूबवर गळणारी बाथरूम्स बघत बसलो. सगळे व्हिडिओ अमेरिकेतले. त्यांच्या भिंती लाकडाच्या आणि पुठ्ठ्यासारख्या बोर्डाच्या. ते चाकूने भिंत कापतात, आत हात घालतात आणि पाइप काढतात. माझी भिंत विटेची, फरशीखाली भराव, भरावाखाली स्लॅब. मी पप्पांना विचारलं, जमिनीतलं ते पाणी जायचं भोक, त्याला काय म्हणतात?

आश्चर्य म्हणजे ते अडखळले नाहीत. “न्हाणी.”

मी म्हटलं, न्हाणी म्हणजे बाथरूम, पप्पा. भोकाला काय म्हणतात? “न्हाणी,” ते पुन्हा म्हणाले, चिडून. मला वाटलं, पुन्हा शब्द चुकला. दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानात मी हातवारे करून ते भोक समजावून सांगत होतो. राजस्थानी मालक म्हणाला, “नहानी ट्रॅप चाहिए? चार इंच?” सिव्हिल इंजिनिअरिंगच्या इंग्रजी पुस्तकांतसुद्धा त्याला नहानी ट्रॅपच म्हणतात. माझी आजी ज्या शब्दाने आंघोळीच्या जागेला हाक मारायची तो शब्द पाइपातून कुठल्या कुठे गेला होता, आणि मी तो इंग्रजीत शोधत होतो.

आता शोध. पप्पांनी तो कसा लावला हे मी सांगतो, कारण माझ्या कंपनीत यासाठी आम्ही लोकांना चांगले पगार देतो.

पहिलं: थांबायचं. आम्हाला दुसरं छोटं बाथरूम आहे, म्हणून हे बंद केलं. नळाचं पाणी मात्र चालू ठेवलं. पहिल्या दिवशी काकूंकडे टपकतच होतं. मी म्हटलं, म्हणजे पाइप फुटलाय. “थांब.” स्लॅबमध्ये आणि भरावात मुरलेलं पाणी निथळायला वेळ लागतो. तिसऱ्या दिवशी थेंब बंद झाला. म्हणजे नळाची लाइन ठीक. ती कायम दाबाखाली असते. ती फुटली असती तर आपण आंघोळ करो न करो, गळतच राहिली असती. गळती फक्त वापरलेल्या पाण्याची होती.

दुसरं: जाळीवर प्लॅस्टिक ठेवून त्याच्या कडा गणपतीच्या उरलेल्या शाडूने बंद केल्या. मग फरशीवर पाच बादल्या पाणी सोडलं, इंचभर उभं राहील एवढं, आणि त्यात नीळ ओतली. बाथरूम स्विमिंग पूलसारखं दिसायला लागलं. चोवीस तास. खाली काहीच नाही. म्हणजे फरशी आणि सांधे ठीक.

तिसरं: शाडू काढली, जाळी काढली, पाइपचा तुकडा ट्रॅपच्या थेट घशात घातला आणि दोन बादल्या निळं पाणी ओतलं. रात्रभर वाट बघितली. खाली काहीच नाही. म्हणजे आतला पाइपही ठीक.

चौथं: पाइप काढला, जाळी लावली आणि आपण आंघोळ करतो तसं नुसतं फरशीवर पाणी ओतलं. ते फिरत फिरत जाळीकडे गेलं. तीन तासांनी काकूंचा फोन आला. “अरे, वर या, म्हणजे खाली या! निळं!”

छताच्या मधोमध आठ आण्याएवढा निळा ठिपका होता. मी आयुष्यात इतका सुंदर बग पाहिलेला नाही.

जाळीची चौकट आणि ट्रॅपची कड यांच्यामधलं सिमेंट खाऊन गेलं होतं. पाणी भोकात जाण्याऐवजी भोकाच्या कडेने भरावात उतरत होतं. अख्ख्या बाथरूमचा प्रश्न एका वितीएवढा होता.

मी फुशारलो. म्हटलं, तो प्लंबर चोर होता. पप्पांनी मान हलवली. नाही. बराच वेळ शब्द शोधला, मिळाला नाही. मग मनगटावर बोट आपटलं. घड्याळ. वेळ.

ते मला दोन दिवसांनी नीट कळलं. त्या माणसाला त्या दिवशी अजून किती घरी जायचं होतं कोण जाणे. तीन दिवस स्लॅब निथळायची वाट बघणं, चोवीस तास निळ्या पाण्याकडे बघत बसणं त्याला कोण पैसे देऊन करू देणार होतं? त्याला शोधायचे पैसे मिळत नाहीत, तोडायचे मिळतात. मी वाट बघू शकलो, कारण माझी रजा भरपगारी होती. या हौसेला लागतो तो वेळ आणि चुकायची मुभा. दोन्ही मला पप्पांनी मिळवून दिल्या आहेत, मला पाना हातात न देऊन.

*

चोवीस तासांच्या त्या रात्री मी आणि आई हॉलमध्ये बसलो होतो. पप्पा झोपले होते. आई म्हणाली, “पुराच्या टायमालाबी असंच बसले होते. वायरीकडं बघत.”

ऑगस्ट २०१९. मला नोकरी लागून दोन महिने झाले होते. पंचगंगेचं पाणी आमच्या सखल भागातल्या घरात शिरलं. आईपप्पा मावशीकडे होते. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि पुण्याहून जायचा रस्ता काही दिवस बंद होता. हे खरं आहे. पण रस्ता उघडल्यावरही मी तीन आठवडे गेलो नाही. रिलीज होतं. हेही खरं आहे, आणि ते मी आजवर कुणाला सांगताना पहिल्या वाक्यात लपवत आलो.

मी काय केलं, तर ४० हजार रुपये पाठवले. आयुष्यातला पहिला मोठा ट्रान्सफर. मेसेज केला: माणूस लावा, तुम्ही काही करू नका.

आईने त्या रात्री जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. पप्पांनी माणूस लावला नाही. गाळ काढला. मग प्रत्येक स्विचबोर्ड उघडून आतली माती स्वच्छ पाण्याने धुतली, पार्ट उन्हात वाळवले, गेलेले बदलले. ओल्या वायरी ओढून काढल्या, नव्या घातल्या. तीन आठवडे घरात वीज नव्हती आणि संध्याकाळी अंधार पडला की काम अडायचं. “बॅटरी कोण धरणार? मी धरत हुते, पर माझा हात थरथरतोय,” आई म्हणाली. “मग दातात धरून करायचे.”

सामान चार हजार दोनशेचं झालं. उरलेले पैसे त्यांनी मला परत पाठवले होते. ते मला आठवतं, कारण मी फोनवर भांडलो होतो. म्हटलं, कशाला पैसे वाचवता, तुमचा जीव स्वस्त आहे का? पप्पा म्हणाले होते, “पैसे न्हाई वाचवलं. घर माझं हाय.” मला तो हेकेखोरपणा वाटला होता.

*

दुरुस्ती अशी केली. जाळी काढली, छन्नी-हातोडीने कुजलेलं सिमेंट खरवडून काढलं, घट्ट लागेपर्यंत. ब्रशने धूळ काढली. दोन दिवस सुकवलं. मग सिमेंटमध्ये बारीक वाळू आणि ते दुधासारखं दिसणारं वॉटरप्रूफिंगचं लॅटेक्स. तीन दिवस पाणी मारलं, परत सुकवलं आणि वरून एपॉक्सी ग्राउट. सगळं मिळून ११४० रुपये आणि दहा दिवस.

सिमेंट भरायच्या दिवशी पप्पा बाथरूममध्ये स्टुलावर बसले होते. डाव्या हातात बॅटरी. मी खाली पालथा. झोत सरकत सरकत माझ्या कानावर आला, मग भिंतीवर गेला.

माझ्या तोंडावर वाक्य आलं होतं. मी गिळलं. वर बघितलं तर ते माझ्याकडेच बघत होते आणि तोंडाच्या चालणाऱ्या अर्ध्या भागाने हसत होते. त्यांनाही तेच आठवलं होतं. मग मी म्हणालोच, “बॅटरी नीट धरा की, पप्पा.” ते खदखदून हसले. बॅटरी पडली. दिवा गेला. ती आम्ही नंतर दुरुस्त केली.

कडेला ढाळ द्यायचा होता, पाणी जाळीकडेच यावं म्हणून. मी दिलेला ढाळ त्यांना पटेना. खुणेने थापी मागितली. मी खाली बसायला मदत केली. डाव्या हाताने त्यांनी ती कड ओढली, एकदा, दोनदा. उजव्या हाताला सवय असल्याने डावा चुकत होता. एक बाजू सुरेख आली, दुसरी जरा उंच राहिली. ती मी नीट केली नाही. आजही तिथे चमचाभर पाणी साचतं.

तेव्हाच मी विचारलं. “पप्पा, मला का शिकवलं नाही हे? कधी हातच लावू दिला नाहीत.”

मला वाटलं, शब्द सापडणार नाही आणि विषय जाईल. त्यांनी थापी खाली ठेवली. डावा हात वर केला, सिमेंटने भरलेला. त्या हाताच्या तर्जनीला वरचं पेर नाही. मी दोन वर्षांचा असताना, १९९९मध्ये, प्रेसमध्ये गेलं. मी ते बोट जन्मभर बघत आलोय, इतकं की त्याच्याकडे कधी बघितलंच नाही.

“बोटं,” ते म्हणाले. मग माझ्या हाताकडे खूण केली. “तुझी.”

आणि लगेच थापी उचलून मला दिली. सिमेंट सेट व्हायला लागलं होतं.

मी दहा बोटांनी टाइप करतो. हा लेखही.

*

पुन्हा निळं पाणी ओतलं तेव्हा मी दर तासाला खाली जात होतो. काकूंनी शेवटी चावीच देऊन टाकली. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. काही नाही.

जुना निळा ठिपका मात्र अजून आहे. काकू भेटल्या की विचारतात, रंग कधी मारायचा? मी सांगतो, काकू, स्लॅब पूर्ण वाळला पाहिजे, नाहीतर महिन्याभरात परत पोपडे येतील. त्यांना ते पटत नाही. परवा त्या पप्पांनाच विचारायला वर आल्या. त्यांच्यासोबत त्यांचा टपकणारा नळही होता, म्हणजे त्याची तक्रार.

पप्पांनी आधी रंगाचं उत्तर दिलं. “थांबा.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “पेटी.”

दोन्ही शब्द एका दमात आले.